उजव्या गालावरची प्रभावती

ज्या प्रयोगासाठी कॉलेजात उंदीर मिळाला नाही, तो शेवटी माझ्यावर झाला. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. माझी नात आकांक्षा संभाजीनगरला (माझ्या तोंडी अजून औरंगाबादच येतं) फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिने मला सगळं आधी नीट समजावलं होतं. उंदराला काही लावायचं तर कमिटीची परवानगी लागते, पिंजऱ्याचं माप कळवावं लागतं, उंदराला त्रास होणार नाही अशी हमी लिहून द्यावी लागते. आजीला यातलं काही लागत नाही. आजी ‘बरं’ म्हणाली की काम सुरू.

मी बरं म्हणाले. सगळी उमर प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली, आता म्हातारपणी विज्ञानाला नाही कसं म्हणायचं?

प्रयोग डाळिंबाच्या सालीचा होता. “आजी, झाडाला पाय नसतात,” आकांक्षा म्हणाली, “ऊन लागलं की आपण सावलीत जातो. झाड कुठे जाणार? म्हणून ते सालीत, पानात, बीमध्ये उन्हावरचं औषध स्वतःच करून ठेवतं. त्याला पॉलिफेनॉल म्हणतात.” उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात, ते कातडीत शिरून आतली वीण उसवतात, त्याने सुरकुत्या पडतात आणि डाग येतात. झाडाचं औषध माणसाच्या कातडीला लावलं तर हे उसवणं कमी होतं का, ते तिला पाहायचं होतं.

“म्हणजे मी तरणी होणार?”

“बिलकुल नाही. झालेलं उलटत नाही, आजी. पुढचं थोडं थांबतं, तेही थांबलं तर.”

मी हे वाक्य शेजारच्या चांगुणाबाईला जसंच्या तसं सांगितलं. चांगुणाबाईने गावाला सांगितलं की बाई तरण्या होणार.

प्रयोगाचा नियम असा होता की लेप फक्त उजव्या अर्ध्या चेहऱ्याला लावायचा, डाव्या बाजूला काही नाही, म्हणजे दोन्ही बाजू ताडून पाहता येतील. नाकाचं काय, असं मी विचारलं. आकांक्षा जरा विचारात पडली आणि म्हणाली, नाक सोडून दे. रोज सकाळी लेप लावायचा, वाळला की धुवायचा, नेहमीसारखं मळ्यात जायचं, आणि दोन्ही बाजूंचे फोटो तिला मोबाइलवर पाठवायचे. एवढं सांगून, एक डबा हातात देऊन ती गेली.

आता गळ्यातल्या टाकाबद्दल सांगायला हवं, कारण हल्लीच्या मुलींना तो माहीत नसतो. मी ह्यांची दुसरी. पहिली प्रभावती, बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडताना ऊन लागून गेली. मूलबाळ नव्हतं. पुढे मी आले. पहिली वारलेली असली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा टाक घालायची आमच्याकडे रीत होती. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचं रूप ठोकलेलं. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. हळदीकुंकू आधी तिला. “तिचं आधी, मंग तुझं,” असं सासूबाईंनी मला उंबऱ्यातच सांगितलं. मी शिकलेली, शाळामास्तरीण, भुताखेतांना हसणारी. पण माणसाचा विश्वास सुटतो, सवय सुटत नाही. प्रभावतीचा फोटो एकही नव्हता. टाकावरचं रूप इतक्या वर्षांत झिजून असं सपाट झालं होतं की ती कुणाचीही पहिली बायको म्हणून खपली असती.

तर लेपाचं पहिलं बोट मी टाकाला लावत असे आणि दुसरं उजव्या गालाला. त्यात मला कधी काही विशेष वाटलं नाही.

हिवाळा बरा गेला. गावाला मात्र माझ्या गालाशिवाय विषय राहिला नाही. आमचं पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीचं गाव. भाव पडला की लोक मिरचीबद्दल बोलायचं टाळतात, आणि त्या वर्षी भाव पडला होता.

“बाई, येकाच गालाला लावून राह्यल्या,” चांगुणाबाई कुंपणावरून म्हणायची, “डाव्यानं काय घोडं मारलं?”

“तो तुलनेसाठी आहे.”

“मंग त्याला कळवलं का तसं?”

आमच्या मळ्याच्या बांधावर शेळ्या राखणारा म्हातारा कडूबा याहून परखड होता. “डाळिंब खायाचं सोडून टरफल लावायचं! माणसं शिकून येडी व्हत्यात, आमच्यासारखी आधीच येडी असली मंजी शिकायचा खर्चा वाचतो.”

ह्यांनी, म्हणजे पुंजारामरावांनी, काहीच म्हटलं नाही. ह्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलेलंच नव्हतं, आणि त्यात नवीन काही नव्हतं. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला नावानेसुद्धा हाक मारलेली नव्हती. गाव मला बाई म्हणतं, हेही बाईच म्हणत. जेवायला या म्हटलं की कधी कधी वाटायचं, आता हे उभे राहून ‘हजर’ म्हणतील.

फाल्गुनात डबा संपला. आकांक्षाची परीक्षा चालू होती, म्हणून तिला त्रास न देता लेप घरीच करायचं मी ठरवलं. इथून पुढे जे झालं त्याला विज्ञान जबाबदार नाही.

साली गच्चीवर वाळवल्या, आणि दळायला चांगुणाबाईच्या सुनेचा मिक्सर मागून आणला. पिंपळगावात कुणाचा मिक्सर मागून आणू नये. त्यात आदल्या दिवशी काय फिरलं होतं हे मला लेप लावल्यावर कळलं. मी हौदात डोकं घातलं ते ह्यांनी चहासाठी दोनदा हाक मारेपर्यंत काढलं नाही. गालावर बारीक फोड आले.

मग दळायचं सोडून मी साली उकळायच्या ठरवल्या, आणि लोखंडाने अंगाला बरं असतं म्हणून लोखंडी कढईत उकळल्या. अर्क काळाकुट्ट उतरला. औषध जितकं काळं तितकं गुणाचं असा आमच्या पिढीचा समज आहे. फोडांवरही गुण येईल म्हणून मी तो जरा जाडसरच थापला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात माझा चेहरा मधोमध दुभागला होता. डावीकडे मी होते. उजवीकडे दौतीतून काढलेलं काहीतरी.

“आजी!” आकांक्षा फोनवर ओरडली. “सालीतलं टॅनिन आणि लोखंड! ती शाई झाली! पूर्वी लोक याच शाईने लिहायचे!”

आयुष्यभर पोरांच्या बोटांची शाई पुसली, आणि शेवटी हे. पदर पुढे ओढून मी देवळात गेले तर ओट्यावरच्या बायका गप्प झाल्या. परक्या गावच्या एका बाईने माझ्या पायाशी चक्क रुपया ठेवला. दुसऱ्या एकीने पोराला ओढून माझ्या डाव्या अंगाने नेलं आणि भानामती, भानामती असं काही पुटपुटली. मी अजून ठरवलेलं नाही की दोघींपैकी कुणी माझा जास्त अपमान केला.

हळूहळू शाईची खपली निघाली, आणि खाली जे निघालं ते आधी चांगुणाबाईने पाहिलं. ती मिक्सरची माझ्याकडे राहिलेली जाळी मागायला आली होती. मी ओट्यावर धान्य निवडत होते, उजवी बाजू तिच्याकडे होती. ती पायरीवरच थांबली.

“गोंदण कवा काढलं?” तिने विचारलं.

“कसलं गोंदण?”

मी आरसा आणला. गालाच्या उंचवट्यावर, डोळ्याखाली, एक हिरवट निळा ठिपका होता. तिळाएवढा आणि गोल.

“फोड फुटला असेल, त्यात शाई उतरली असेल,” मी म्हणाले. हे कारण मला अजूनही पटतं. गोंदवणारी बाईसुद्धा दुसरं काय करते?

चांगुणाबाई हसली नाही, आणि ती हसली नाही हेच मला पहिल्यांदा खटकलं. आमच्यात तीच वयाने सगळ्यात मोठी, ह्यांच्या बरोबरीची. “प्रभीला व्हतं,” ती म्हणाली. “बराबर तिथंच. आम्ही दोघींनी येकाच गोंदणवालीकडून काढल्तं, धावड्याच्या बाजारात. माझं बुजून गेलं.” मग ती आणखी जवळ आली आणि माझ्या नुसत्या उजव्या बाजूकडे बघत राहिली. आजारी माणसाजवळ बोलतात तसं हळू म्हणाली, “कधी आलीस गं?”

ती जाळी न घेताच गेली.

मी शिक्षिका आहे. घाबरण्याआधी नीट पाहायचं असतं. आरशापुढे बसून मी पाहिलं. उजवा गाल डाव्यापेक्षा ताणलेला होता, हे खरं. नवी कातडी आली की तसं असतं. भर उन्हात तो गार लागायचा, तेही लेपामुळे असेल. पण मी हसून पाहिलं तेव्हा डावा गाल हसला, आणि उजवा जरासा मागून हसला. म्हणजे आधी विचार करून. मी पुन्हा हसले नाही. त्या दिवसापासून घरात कुणी विनोद केला की मी पाठ फिरवू लागले.

त्याच आठवड्यात हे माझ्या उजवीकडे बसू लागले.

आमची बाज चिंचेखाली असते. इतकी वर्षं हे पायथ्याशी बसून बिडी ओढत, आणि मी डोक्याशी बसून काहीबाही निवडत असे. आता हे उठून माझ्या उजव्या अंगाला येऊन बसले, बिडी न पेटवता. मग हलक्या आवाजात म्हणाले, “उन्हात जाऊ नको, प्रभे.”

मी हातातलं सूप ठेवलं. “काय म्हणालात?”

ह्यांनी मान जरा वाकवून माझ्या नाकापलीकडे, माझ्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं, जसं एखाद्याच्या बोलण्यात मध्ये तोंड घालणाऱ्याकडे बघावं. “तुम्हाला न्हाई म्हन्लं, बाई,” असं म्हणून पुन्हा उजवीकडे वळले.

कुणी म्हणेल, म्हातारा चळला. मलाही तसंच वाटावं अशी माझी फार इच्छा होती. पण त्याच संध्याकाळी ह्यांनी मिरचीच्या व्यापाऱ्याला वजनात पकडलं, वीजबिलातली चूक काढली आणि कुठली म्हैस कुठल्या साली व्याली ते न अडखळता सांगितलं. डोकं बिलकुल जाग्यावर होतं. फक्त माझ्या उजव्या गालाशी बोलताना ते दुसऱ्या जाग्यावर जात होतं.

मी काय करायचं? मी बाज फिरवली. उजवी बाजू भिंतीकडे केली. हे आले, पाहिलं, आणि भिंत आणि बाज यांच्या चिमट्यातून कसेबसे आत शिरून माझ्या उजवीकडे बसले. त्या चिमट्यात ह्यांचं धोतर अडकून फाटलं. मी पदर ओढून घेतला तर पदराशी बोलले. रोज दुपारी, ऊन डोक्यावर आलं की यायचे. ह्या माणसाला इतकं बोलता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. पेरणीचं बोलायचे, मेलेल्या बैलांचं बोलायचे, शेजारच्या विहिरीच्या भांडणाचं बोलायचे, ‘प्रभे’, ‘प्रभे’ करत. नवराबायकोचं बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकत होते, आणि तेही चोरून, माझ्याच गालाशी चाललेलं.

मत्सर वाटला का? वाटला. ज्या बाईला माझ्याआधी लुगडं मिळालं, कुंकू मिळालं, तिला आता माझा गालसुद्धा हवा होता. मला माझा नवरा परत हवा होता, बिडी ओढणारा, न बोलणारा का होईना. आणि खरं सांगायचं तर, त्याच्या तोंडून एकदा माझं नाव हवं होतं. गिरिजा. अवघड नाव नाही, पहिलीच्या पोरांनासुद्धा लिहिता येतं.

लेप तर मी तेव्हाच बंद केला होता. ठिपका गेला नाही. लिंबू झालं, बेसन झालं, चांगुणाबाईने सांगितलेलं शेणगोमूत्रही झालं. त्याचा परिणाम एवढाच की डाव्या बाजूला माशा बसू लागल्या. उजवीकडे एकही बसली नाही. कडूबाला माझी डावी बाजू दिसली की नेहमीचा टोमणा मारायचा, पण उजवी दिसली की काठी बगलेत धरून “राम राम वैनी” म्हणायचा आणि शेळ्या लांब हाकायचा. शेळ्या हाकाव्या लागत नव्हत्या, त्या आधीच गेलेल्या असायच्या.

चैत्रात रेशन कार्डाची ई-केवायसी निघाली. आता चेहरा मोबाइलला दाखवायचा असतो. न दाखवला तर नाव कटतं. रेशनच्या तांदळाशी माझं काही अडलेलं नाही, पण ह्यांच्या नावाखाली माझं नाव आहे आणि त्या दिवसांत मला ते तिथे असण्याची फार गरज वाटत होती. सेवा केंद्र चालवणारा बबलू हा माझाच विद्यार्थी. तिसरीत दोनदा बसला होता.

“बाई, सरळ बघा. पापण्या हलवा. हां.” मोबाइल टुणकन वाजला. बबलूने वाचलं, “फ्रेममधी एकापेक्षा जास्त चेहरे आहेत. मागं कोण उभं हाय?”

मागे कुणी नव्हतं. त्याने बाकावरच्या दोघांना बाहेर काढलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, स्वतः टेबलाखाली वाकून हात तेवढा वर धरला. टुण. एकापेक्षा जास्त चेहरे.

“टाक!” बबलूला एकदम सुचलं. तिसरीत सुचलं असतं तर पास झाला असता. “बाई, तुमच्या गळ्यातल्या टाकावर चेहरा हाय, मोबाइल तो धरतोय! काढून ठेवा जरा.”

मला हायसं वाटलं. असं सरळ कारण मिळालं की किती बरं वाटतं! टाकावर ओळखू येण्याजोगा चेहराच उरलेला नाही, हे त्या क्षणी माझ्या मनात आलं नाही. तो गळ्यातून मी कधीच काढला नव्हता, पण काढला, टेबलावर पालथा ठेवला आणि मोबाइलकडे पाहिलं.

बराच वेळ काही वाजलं नाही. मग टुण.

“काय म्हणतो?”

बबलूने मोबाइल माझ्याकडे फिरवला. पडद्यावर लिहिलं होतं, चेहरा आढळला नाही.

“बाई,” तो म्हणाला, “जल्दी टाक घाला. आन् तालुक्याला जा. हे माझ्याच्यानं व्हणार न्हाई.”

भोकरदनला तालुक्याच्या कचेरीत पंख्याखाली बसलेल्या साहेबांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. भले गृहस्थ होते. “दोन नावांची एकच व्यक्ती, याचं प्रतिज्ञापत्र असतं,” ते म्हणाले. “दोन चेहऱ्यांची एकच व्यक्ती, असा नमुना आमच्याकडे नाही. दुसऱ्या बाईंना एकदा घेऊन या, म्हणजे दोघींचं वेगवेगळं करता येईल.”

“त्या वारल्या,” मी म्हणाले.

“मग त्यांचा मृत्यूचा दाखला आणा.”

तो दाखला मी काढावा की नाही, यावर परत येताना एसटीत मी फार विचार केला. माझ्या उजवीकडची जागा भोकरदनपासून रिकामी होती. उभे असलेले लोक तिच्याकडे बघत आणि बसत नसत.

वैशाखात आकांक्षा परीक्षा संपवून आली. आल्या आल्या तिने माझे सगळे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून लावले आणि दुपारभर डावी बाजू, उजवी बाजू मोजत बसली. शेवटी म्हणाली, “आजी, काहीच फरक नाही. सुरकुत्या तेवढ्याच आहेत. लेपाने काही झालेलं नाही.”

“मग लोकांना काय दिसतंय?”

“तेच कळत नाही.” तिने एक फोटो आणखी मोठा केला, आणि तिचा आवाज बदलला. “आजी, हे काय आहे? टाकावर?”

“लेप. पहिलं बोट तिला, दुसरं मला.”

“रोज?”

“रोज. तिचं आधी नको का?”

आकांक्षाने कपाळावर हात मारला. म्हणजे प्रयोग दोघींवर झाला होता, आणि एकीची नोंदच नव्हती. तिने गंभीरपणे विचारलं, “तिचं वय काय होतं?”

“विशीत गेली. ऊन लागून.”

आकांक्षाने फोटो बंद केला. तिच्या मनात काय आलं ते तिने सांगितलं नाही, ती विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. माझ्या मनात आलं ते असं. उन्हावरचं औषध सगळ्या गावात खऱ्या अर्थाने कुणाला हवं असेल, तर जिला ऊन लागलं तिला. तिला ते बोलावणं वाटलं असेल. माझं काय, मी तर नुसती टोपी घालूनसुद्धा भागवलं असतं.

“टाक काढून ठेव, आजी,” आकांक्षा म्हणाली. “पेटीत घाल. सगळं बंद होईल. मी सांगते ना.”

मी टाक काढायला मानेमागे हात नेला. तेवढ्यात चिंचेखालून ह्यांचा खोकला ऐकू आला. बारा वाजले होते. ऊन इतकं होतं की अंगणात सावलीला जागा नव्हती, ती चिंचेच्या बुंध्याला चिकटून उभी होती. हे बाजेवर बसून वाट पाहत होते, एका बाजूला सरकून, जागा ठेवून. त्या जागेकडे पाहून मला कळलं की ह्यांचं बोलणं अजून संपलेलं नाही. पेरणी, बैल, विहीर हे सगळं आडवळण होतं. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा खरी गोष्ट सांगायच्या आधी अशीच सगळं गाव फिरवून आणत.

पेटीत घातलं असतं तर नवरा परत मिळाला असता, पण अर्धवट. उरलेलं बोलणं पोटात ठेवून पायथ्याशी बिडी ओढणारा. असा तर माझ्याकडे होताच.

मी टाक काढला नाही. जाऊन बाजेवर बसले, भिंतीकडे न वळता, पदर न ओढता, आणि उजवा गाल ह्यांच्याकडे करून दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढा मोठा आहेर मी कुणाला केला नव्हता. डावं तोंड गच्च मिटून घेतलं.

कोरड्या चिंचा वाजत होत्या.

“प्रभे,” हे म्हणाले, “त्या दिशी खडीवर माझी पाळी व्हती. मी म्हन्लं माझं डोकं दुखतंय, तू जा. डोकं न्हवतं दुखत. मी नाल्याच्या पल्याड पत्ते खेळाया गेल्तो. हरून राह्यलो व्हतो म्हनून उठलो न्हाई. तिकून मानूस बोलवाया आल्ता, मी म्हन्लं हा डाव व्हऊ दे.” हे थांबले. “मंग उठलो.”

माझा उजवा गाल, जो कधीच तापत नव्हता, तो एकाएकी पोळू लागला. खडीवर टेकल्यासारखा.

ह्यांनी खिशातून माझ्या काळ्या लेपाचा डबा काढला. मी तो उकिरड्यावर फेकला होता, ह्यांनी कधी उचलून आणला कोण जाणे. ह्यांनी बोट बुडवलं. सगळ्या संसारात दिवसाउजेडी ह्यांनी माझ्या चेहऱ्याला हात लावलेला नव्हता, तेव्हाही थेट लावला नाही. आधी टाकाला लावलं, अगदी हलक्या हाताने, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जणू तिथे अजून सगळं होतं. मग त्याच बोटाने माझ्या गालावरच्या ठिपक्याला.

“आता सावलीत बस,” हे म्हणाले. “तुझी हजेरी मी भरतो.”

असं म्हणून हे उठले. गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत, बाजेला पूर्ण वळसा घालून माझ्या डाव्या अंगाला आले आणि बसले. बिडी काढली. काडी ओढली. पहिला झुरका घेऊन समोरच्या उन्हाकडे बघत म्हणाले, “गिरिजा, च्या टाक थोडा.”

मी लगेच उठू शकले नाही, कारण मी रडत होते. म्हणजे मी नाही. रडत होता तो फक्त उजवा डोळा. त्याच्यातून धार लागली होती, काळ्या लेपातून वाट काढत ती हनुवटीवरून टाकावर पडत होती. डावा डोळा कोरडा ठणठणीत होता आणि डॉक्टरने ह्यांची साखर बंद केली आहे, तरी आज चिमूटभर घालावी की काय, याचा विचार करत होता. पुसायला मी पदर उचलला आणि तसाच हातात धरून राहिले. दुसऱ्या बाईचं रडणं असं मध्येच पुसू नये.